डॅशबोर्ड न उघडता

मुंबईत हीटर कुणाला लागतो,
म्हणत शोरूमचा पोरगा हसला.
मग लॅपटॉपात बघून म्हणाला, आतला फ्लॅप अडकलाय,
अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागेल.
तीन दिवस. एकवीस हजार. वर जीएसटी.

त्याला काय सांगणार
मंगळवार, गुरुवार, शनिवार
माझ्या व्हॅनमध्ये कोण बसतं.
जाताना, मानखुर्द ते सायन,
तावडे मास्तर म्हणतात, एसी वाढवा हो बाई, घुसमटतंय.
येताना, चार तास रक्त नळ्यांतून फिरवून आणल्यावर,
तेच मास्तर भर मे महिन्यात
कानटोपी घालून दातावर दात आपटतात.
फिलोमिना डिमेलो दोन शाली घेते.
रेहानाआपा काही मागत नाही.
फक्त तळवे व्हेंटसमोर धरते,
शेगडीसमोर धरावेत तसे,
आणि व्हेंटमधून गार वारा.

तीन दिवस व्हॅन बंद
म्हणजे एक पाळी चुकली.
मग पाणी आधी पावलांवर चढतं,
नंतर छातीत.
हा हिशेब कोटेशनमध्ये नसतो.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर
नाल्याच्या भिंतीला टेकवलेला एक पत्रा,
त्याखाली नूरमहंमद पेवेकर.
त्यानं काहीच उघडलं नाही आधी.
बॉनेट वर करून हीटरचे दोन्ही पाइप मुठीत धरले,
नाडी बघतात तसे.
दोन्ही गरम.
'ऊब हाय गो. तिला वाट नाय.'
मग गार-गरमचं बटण मला फिरवायला लावून
स्वतः ग्लोव्ह बॉक्सला कान लावला.
आत टक, टक, टक,
पाल चुकचुकावी तसं.

बॉक्स रिकामा कर म्हणाला.
पीयूसी, ग्लुकोजची बिस्किटं, ओकारीच्या पिशव्या,
फिलोमिनाची तुटकी जपमाळ,
आणि सगळ्यांत खाली ह्यांची फाइल,
शेवटचा क्रिएटिनिन अकरा पॉइंट दोन.
ती मी मांडीवर घेऊन बसले.

दोन्ही कडा दाबल्यावर बॉक्स जबड्यासारखा खाली लोंबला.
पेवेकरांचा हात कोपरापर्यंत आत,
डोळे मात्र बाहेर, समोरच्या होर्डिंगवर.
बघून उपयोगच नव्हता काही.
'गाय अडली की माझा चुलता असाच हात घालायचा,'
म्हणाले, आणि गप्प झाले.
एक स्क्रू आला. दुसरा आला.
तिसऱ्यासाठी मूठ कापलेला बुटका स्क्रूड्रायव्हर,
टोकाला चुंबक,
आणि एक शिवी, पुटपुटत, बाईमाणूस समोर म्हणून अर्धीच.

साबणाच्या वडीएवढी मोटर.
तिच्या पोटात प्लास्टिकचं पांढरं चाक,
तीन दात झिजून गुळगुळीत.
नवीन मिळेल? मी विचारलं.
'मिळेल की. पण हे बघ,
हे चाक जन्मभर अर्धंच फिरतं.
ह्या बाजूचे दात वापरलेच नाय कुणी.'
अंगठ्यानं त्यानं चाक उलटं केलं,
बोटभर ग्रीस लावलं,
कोरी बाजू पुढे बसवली.

मोटर परत आत गेली, चाचपडत.
बटण फिरवलं.
आधी नुसता वास आला, जळक्या धुळीचा,
मग एकदम तोंडावर गरम झोत.
दुपारचे दोन, कुर्ला, मे महिना,
दोघं घामानं निथळतोय
आणि हीटरसमोरून कुणी हलत नाही.

साडेतीनशे घेतले.
एक स्क्रू उरला.
'कंपनीनं जास्तीचा घातला होता,' म्हणाले पेवेकर.
तो अॅश ट्रेमध्ये आहे. प्रत्येक स्पीडब्रेकरला वाजतो.
फाइल परत जागेवर ठेवली,
बिस्किटांच्या खाली.

शनिवारी येताना चेंबूर नाक्याला सिग्नल लागला.
मास्तर झोपले होते, टोपी डोळ्यांवर.
रेहानाआपानं तळवे मागे घेतले,
एकमेकांवर घासले,
आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी मागितलं:
'कमी कर गं जरा. भाजतंय.'

मी कमी केलं.
कमी झालं.